शब्दचर्चा : उत्प्रेरक 'स्थिर' की त्याचा 'टिकाव'?

म्हापशाहून विचारणा :
इंधनघटावर ('फ्युएल सेल', हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणारं साधन) लेख लिहितेय. त्यात कॅथोडवर ऑक्सिजनचं क्षपण (इलेक्ट्रॉन घेऊन त्याचं पाणी होणं) व्हायला प्लॅटिनम-कोबाल्ट, प्लॅटिनम-निकेल असे उत्प्रेरक असतात. 'स्टॅबिलिटी'ला मी 'स्थिरता' लिहिलं, तर भाचा विचारतो, "मावशी, उत्प्रेरक हलत नाही असं म्हणायचंय का?" शिवाय 'लीचिंग'ला, म्हणजे मिश्रधातूतला एक धातू विरघळून बाहेर पडतो त्याला, 'निक्षालन' चालेल?

फोंड्याहून उत्तर :
ताई, भाच्याने नेमकं पकडलं. उत्प्रेरकाचे हे काही नॅनोमीटरचे कण खरोखरच हलतात, ज्या कार्बनवर बसवलेले असतात त्यावर सरकत एकमेकांना चिकटतात. पण ती एकच गोष्ट झाली. घटातल्या आम्लात धातू विरघळतो, खालचा कार्बनही झिजतो. म्हणून मी 'टिकाव' लिहीन. "आम्लात निकेलचा टिकाव लागत नाही" हे कुणालाही कळतं. 'टिकाऊपणा' हा 'ड्युरॅबिलिटी'साठी राखून ठेवा. व्होल्टेज हजारो वेळा वरखाली झाल्यावर काम किती उरलं, त्याचा तो हिशेब. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या चाचणीत अशी ३०,००० आवर्तनं असतात.

'निक्षालन' नको. आमच्या किनाऱ्यावरच्या घरी विहिरीच्या मचूळ पाण्यावर पितळी नळ होता. तो तांबूस पडला. पाना लावून फिरवला तर आट्यांचा हातात भुगा झाला. जस्त निघून गेलेलं, मागे उरलं होतं भोकाभोकांचं तांबं. 'निघून जाणं' हाच सरळ शब्द आहे. 'गंज'ही नको, तो वर साचलेला दिसतो.

निकेल निघून गेल्यावर पृष्ठभागावर उरतं त्या प्लॅटिनमला मी 'सांगाडा' म्हणेन. मिश्रधातू तापवल्यावर प्लॅटिनम आपसूक वर येऊन थर धरतं, ती 'साय'. तिला 'कल्हई' म्हणू नका, कल्हई बाहेरून चढवतात.

मडगावहून :
'साय' फार आवडला. 'ओस्टवाल्ड रायपनिंग'ला मी 'पक्वन' वाचलंय, पण तिथे काहीच पिकत नाही. लहान कण विरघळतात आणि तेच प्लॅटिनम मोठ्या कणांवर जाऊन बसतं. "मोठे कण लहानांच्या जिवावर वाढतात" असं लिहिलं तर?

म्हापशाहून :
हे वाक्य जसंच्या तसं घेते. आणि 'मिश्रधातू' की शाळेतलं 'संमिश्र'?

फोंड्याहून :
'मिश्रधातू'. 'संमिश्र' म्हटलं की कार्बन आणि धातू मिळून झालेला पदार्थ असंही वाटेल, आणि तुमच्या लेखात कार्बन आहेच.