गोव्यातले ‘महाजन’ आणि ‘गावकार’, अर्थ काय?

कृष्णाकाठ: आमची कुलदेवी कवळ्याची शांतादुर्गा, पण आम्ही तीन पिढ्या सांगलीत. मागच्या महिन्यात दर्शनाला गेलो तर तिथं एका आजोबांनी विचारलं, “तुम्ही महाजन काय?” मी म्हटलं नाही हो, आमचं आडनाव वेगळंय. बरोबरचे सगळे हसले. आपल्याकडं महाजन म्हणजे एकतर आडनाव नाहीतर जुन्या कागदातले शेटे-महाजन, पेठेचे वतनदार. तिकडं नक्की काय भानगड आहे?

मिरजेहून: हसणारच की! तिथं महाजन म्हणजे ज्यांच्या घराण्यांकडं देवळाची मालकी नि कारभार पिढ्यान्‌पिढ्या आहे ते. पोर्तुगीजांनी महाजनीचं ‘माझानिया’ केलं आणि 1886 ला त्यासाठी नियमावलीच काढली, 1933 ला ती सुधारली. एका बाजूला देवळं पाडणारं राज्य आणि तीनशे वर्षांनी देवळांच्या हिशेबाचे नियम करणारं राज्य तेच, गंमतच ना.

घाटावरचा: ‘गावकार’ पण बघा. सातारकडं गावात राहील तो गावकरी, हिशेब संपला. तिकडं गावकार म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यातला. जमीन सगळ्यांची मिळून, भातशेतं नि खाजणं (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या जमिनी) लिलावानं कसायला द्यायची, त्यातनं बांधबंदिस्ती, देवाचा खर्च, सरकारचा सारा भागवायचा आणि उरेल ते गावकारांत वाटायचं, त्या वाट्याला जोण म्हणतात. हे रिवाज 1526 ला पोर्तुगीजांचा महसूल अधिकारी अफोन्सो मेशिया याच्या सनदेत लिहून घेतले. पुढं 1540 च्या सुमारास गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातली देवळं पाडली तेव्हा देवाच्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या कामाला वळवलं, पण गावकारी मोडली नाही, बाटलेला गावकारसुद्धा गावकारच राहिला, जोण घेतच राहिला.

पेठकरी: म्हणजे आपला मिरासदार, जमिनीवर पिढीजात हक्क असलेला?

घाटावरचा: जवळपास. आपल्याकडं मिरासदार आणि उपरी (बाहेरनं येऊन कसणारा) हा भेद होताच की, फक्त मिरासदाराची जमीन ज्याची त्याची, तिकडं सामाईक. पण चार पिढ्या गावात काढल्या तरी बाहेरनं आलेल्याला जोण नाही, हे मात्र उपऱ्यासारखंच.

मिरजेहून: कृष्णाकाठ, तुमची देवी मूळची केळशीची, गोव्यातल्याच साष्टी भागातली. तिथं पोर्तुगीज आले म्हणून तिला कवळ्याला हलवलं, फोंड्याचा तो भाग तेव्हा त्यांच्या हातात नव्हता. आणि आताचं देऊळ बांधायला पुढाकार घेतला नारोराम मंत्र्यांनी, ते शाहू छत्रपतींच्या दरबारातले. 1739 ला शाहूंनी कवळे गाव देवीला इनाम दिला. म्हणजे सनद साताऱ्यातनंच गेली, आणि तुम्ही सांगलीचे लोक तिथं जाऊन महाजन म्हणजे काय विचारताय 😀

कृष्णाकाठ: घरी वडलांना विचारलं. ते म्हणाले आजोबांचं नाव महाजनांच्या यादीत होतं, नंतर कुणी नोंद करायला गेलंच नाही. आता काका म्हणतायत कागद माझ्याकडं असतील, दिवाळीला माळा काढू तेव्हा बघू.