मदत हवी आहे: बिडाची जुनी शेगडी दुरुस्त करू की नवी घेऊ?

खोली गरम ठेवायला लाकडावर चालणारी, बंद दाराची बिडाची शेगडी आहे. हवेची झडप पूर्ण बंद केली तरी आग मंदावत नाही, लाकूड भराभर संपतं.

धुराडं साफ करून घेतलंय, पाइप ठणठणीत आहे. दाराच्या कडेची फट बुजवणारी दोरी नवी बसवली. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली, सगळीकडे घट्ट आहे. गंज वरवरचाच होता, तारेच्या ब्रशने निघाला. मग अंधारात आत टॉर्च ठेवला तेव्हा खरा घोळ कळला: मागच्या प्लेटच्या जोडांतून उजेड येतो आणि त्याच प्लेटला वरच्या कोपऱ्यापासून सुमारे १२ सेंमीची आरपार चीर आहे. ज्वाळा अडवणारी आतली आडवी प्लेटही मधोमध वाकलीय.

जोड उघडून भट्टीच्या सिमेंटने पुन्हा बसवायची माझी तयारी आहे. आडवी प्लेट पोलादाची करून घेईन. अडलंय ते चिरेपाशी. एक वेल्डर म्हणतो, बीड आधी तापवून निकेलच्या रॉडने जोडू आणि सावकाश निवू देऊ. दुसरा म्हणतो, शेजारीच नवी चीर पडेल. शेगडीवर कुठलाच शिक्का नाही, त्यामुळे तयार प्लेट मिळण्याची आशा सोडलीय. नवी शेगडी धूरही जाळते, लाकूड कमी खाते, हे माहीत आहे. पण जुनीत जीव अडकलाय.

तूर्त ती पेटवत नाही. थेट आगीसमोरच्या प्लेटची अशी चीर कोणी जोडून घेतली आहे का, आणि ती किती हिवाळे टिकली?