‘त्यांना आनंद वाटला’ आणि ‘त्यांनी आनंद वाटला’

वसईकर

सोळाव्या शतकातील इटालियन धर्मगुरू संत फिलिप नेरी यांचा सण २६ मे रोजी असतो. त्यानिमित्त आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) पत्रकासाठी मी दोन पानांचा लेख लिहीत आहे. त्यात एक वाक्य असे आले : ‘फिलिप यांना ख्रिस्तामध्ये आनंद वाटला आणि तोच आनंद त्यांनी रोमभर वाटला.’ पत्रक तपासणाऱ्या बाईंनी दुसऱ्या ‘वाटला’खाली लाल रेघ ओढून समासात ‘पुनरुक्ती’ असा शेरा मारला आणि त्याऐवजी ‘आनंद सामायिक केला’ असे सुचवले. ‘सामायिक’ म्हटले की मला सामायिक विहीर आणि सामायिक भिंत आठवते, आणि त्या दोन्हींवरून होणारी भांडणेही आठवतात. ही खरोखर पुनरुक्ती आहे काय? संतांच्या आनंदाविषयी लिहिताना मराठीत नेमके कोणते क्रियापद वापरावे?

जुना शब्दकोश

ही पुनरुक्ती नाही, कारण हे दोन वेगळे धातू आहेत आणि केवळ काळाच्या ओघात ते एकाच रूपात येऊन बसले आहेत. वाटणीचे ‘वाटणे’ संस्कृत ‘वण्ट्’ या धातूकडून आले आहे. जुन्या छापील पुस्तकांत ते ‘वांटणें’, ‘वांटा’, ‘वांटेकरी’ असे अनुस्वार देऊन लिहिलेले आढळते. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि मनाला ‘वाटणे’ व लोकांना ‘वाटणे’ यांतील डोळ्यांना दिसणारा भेद नाहीसा झाला. चटणी वाटण्याचे तिसरे ‘वाटणे’ तूर्त बाजूला ठेवू.

भेद उरला आहे तो विभक्तीत. ‘त्यांना आनंद वाटला’ या वाक्यात आनंद येतो आणि माणूस तो घेतो, तर ‘त्यांनी आनंद वाटला’ यात माणूस कर्ता होतो. तुमच्या लेखाचा विषय नेमका या ‘ना’ आणि ‘नी’ यांच्यामध्ये असल्याने मी तरी ते वाक्य मोडणार नाही. शिवाय आनंद आणि वाटप यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. घरात मूल जन्मले की आपण पेढे वाटतो, आणि पेढे आले नाहीत तर बातमीच पोहोचली नाही असे शेजारी मानतात.

बायबलच्या मराठी भाषांतरातही हा भेद दिसतो. पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो तेव्हा ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा’ असे म्हणतो. आनंद ‘होतो’ किंवा ‘वाटतो’ असे म्हणण्याची सवय असलेल्या मराठी कानाला ‘आनंद करा’ ही आज्ञा क्षणभर अडखळवते, कारण आपल्या बोलण्यात माणूस स्वयंपाक करतो, सण करतो, पण आनंद सहसा त्याला होतो. भाषांतरकारांनी ते अडखळणे राहू दिले, हे मला योग्य वाटते. याउलट करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ असे आहे, तेथे मात्र थोडे निसटले आहे. मूळ ग्रीक शब्द हसतमुखाने देणाऱ्याचा आहे. संतोष मनातल्या मनात राहू शकतो, पण हसू घेणाऱ्याला दिसते.

आता फिलिप नेरी. त्यांचा जन्म १५१५ मध्ये फ्लॉरेन्स येथे झाला आणि १५९५ मध्ये रोम येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्यासाठी ‘परमानंद’, ‘ब्रह्मानंद’ असे शब्द वापरण्याचा मोह होईल, परंतु तो टाळावा. ब्रह्मानंदी टाळी लागली की माणूस जगाला विसरतो, आणि फिलिप यांची धडपड बरोबर उलटी होती. मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची उपासना) अर्पण करताना त्यांचे भान हरपत असे, म्हणून मिस्सेच्या आधी ते विनोदी चुटक्यांचे पुस्तक वाचवून घेत आणि मन मुद्दाम जमिनीवर आणत. अर्धी दाढी काढून ते लोकांत फिरले, हेही प्रसिद्ध आहे. दूरवरून कोणी पाहुणे ‘संत’ पाहण्यास आले की ते स्वतःचे हसे करून घेत. मराठीतला ‘हसे करून घेणे’ हा वाक्प्रचार आपण नेहमी टीका म्हणून वापरतो. येथे तो शब्दशः आणि स्तुतीच्या अर्थाने लागू पडतो, कारण लोकांनी आपल्याला पूज्य मानू नये यासाठी केलेली ती युक्ती होती.

वाटण्याचा भाग म्हणाल, तर कार्निव्हलच्या दिवसांत रोममध्ये धिंगाणा चाले तेव्हा ते तरुणांना घेऊन सात प्राचीन चर्चची पायी यात्रा काढत. वाटेत एखाद्या बागेत सर्व जण गवतावर बसत, पाव, चीज, अंडी असा साधा फराळ होई, वादक वाजवत आणि मग पुन्हा चालणे सुरू होई. यात उपदेश कमी होता आणि चालणे पुष्कळ होते. अशा यात्रेला ‘आनंद सामायिक केला’ हे शब्द फारच सरकारी होतील.

बाणावलीकर

कोकणीत हा घोळ होत नाही. ‘म्हाका खोस भोगता’ म्हणजे मला आनंद वाटतो, आणि वाटणीला ‘वांटो’, ‘वांटप’. तुमच्या जुन्या छापील पुस्तकांतला अनुस्वार आमच्या तोंडी अजून शिल्लक आहे. नाताळात नेवऱ्या आणि दोदोल यांची ताटे शेजाऱ्यांकडे जातात, ती धर्म विचारून जात नाहीत.

फिलिप यांचा गोव्याशी संबंध आहे, तो लेखात अवश्य घ्यावा. फ्रान्सिस झेवियर यांची पूर्वेकडून आलेली पत्रे फिलिप यांच्या मंडळींत वाचली जात, आणि ती ऐकून फिलिप यांना स्वतःला हिंदुस्थानात यावेसे वाटू लागले. १५५७ च्या सुमारास त्यांनी सिस्टर्शियन संघातील एका संन्याशाचा सल्ला घेतला, तेव्हा ‘तुझा हिंदुस्थान रोममध्येच आहे’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले आणि ते तेथेच राहिले. पुढे १२ मार्च १६२२ रोजी या दोघांनाही एकाच दिवशी संत घोषित करण्यात आले. फिलिप स्वतः आले नाहीत, तरी त्यांची ओरेटरी, म्हणजे त्यांनी स्थापन केलेली धर्मगुरूंची संस्था, गोव्यात आली. बाणावली येथे १६५१ मध्ये जन्मलेले जुझे वाझ १६८५ मध्ये जुन्या गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंच्या मंडळात सामील झाले आणि त्या मंडळाने फिलिप यांच्याच संस्थेची नियमावली स्वीकारली. दोन वर्षांनी वाझ मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले. कँडीत त्यांना हेर समजून कैद झाली, आणि १६९७ मध्ये तेथे देवीची साथ आली तेव्हा घरच्यांनी टाकलेल्या रोग्यांची त्यांनी सेवा केली. तेथे चुटक्यांचे पुस्तक नव्हते. तरीही मी तेथे ‘वाटला’ हेच क्रियापद वापरीन.

वसईकर

झेवियर यांच्या पत्रांचा भाग लेखात घेतला, आभारी आहे. मला आणखी एक शंका आहे. आनंद, हर्ष, संतोष, प्रसन्नता यांच्या शेजारी ‘उल्हास’ शोभेल काय? की तो फार उत्सवी होतो?

जुना शब्दकोश

शोभेल, पण जागा पाहून. ‘उल्लास’मध्ये ‘उद्’ म्हणजे वर, हा उपसर्ग आहे. जे आतून वर उसळते ते उल्लास, आणि मराठी तोंडात त्याचा उल्हास झाला. (उल्हास नदीचे पाणी तुमच्याच वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, हे जाता जाता.) लूकच्या शुभवर्तमानात मरियेची नातलग अलिशिबा हिच्या उदरातील बाळ ‘उल्लासाने’ उडी मारते आणि मरियेचा आत्मा ‘उल्लासतो’. पोप फ्रान्सिस यांच्या २०१८ च्या पवित्रतेविषयीच्या पत्राचे शीर्षकही ‘आनंद करा, उल्लास करा’ या मत्तयाच्या वचनातून घेतले आहे. विनोदबुद्धीच्या संदर्भात त्या पत्रात थॉमस मोर, व्हिन्सेंट डी पॉल आणि फिलिप नेरी या तिघांची नावे येतात.

हा शब्द उत्सवी आहे म्हणून कच्चा आहे, असे मात्र नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्ती जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांच्यात तुमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते, आणि बारा वर्षांचा लुई इबाराकी होता. त्या काळच्या वृत्तांतानुसार गोन्सालो मोठ्याने ‘हे आमच्या बापा’ आणि ‘नमो मरिया’ म्हणत होते. गर्दीतून कोणीतरी लुईला ‘आता लवकरच तू स्वर्गात असशील’ असे ओरडून सांगितले, तेव्हा बांधलेल्या अवस्थेतही त्याचे हात आणि सारे शरीर वरच्या दिशेने असे ताणले गेले की सर्वांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या. ‘उद्’ या उपसर्गाचा याहून नेमका अर्थ मला कोणत्याही कोशात सापडला नाही. तेथे ‘प्रसन्नता’ चालणार नाही, आणि फिलिप यांच्या गवतावरच्या फराळाला ‘उल्हास’ थोडा जड होईल.

मुद्रितशोधक

माझा आक्षेप पहिल्या ‘वाटला’वर आहे. ‘मला वाटते’ असे आपण खात्री नसतानाही म्हणतो. शिवाय वाटलेला आनंद संध्याकाळपर्यंत ओसरतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रीती, आनंद, शांती यांना आत्म्याचे फळ म्हटले आहे. फळ धरते, पिकते, त्याला ऋतू लागतात. असिसीच्या फ्रान्सिस यांनी बंधू लिओला सांगितलेली ‘परिपूर्ण आनंदा’ची गोष्ट आठवा : थंडीत कुडकुडत मठाच्या दाराशी यावे, द्वारपालाने ओळख न दाखवता हाकलून द्यावे, आणि तरी मन कडू होऊ नये. त्या दाराशी उभे असताना फ्रान्सिस यांना ‘आनंद वाटला’ असे मी लिहू शकणार नाही. वाटली ती थंडीच.

वसईकर

हा आक्षेप मान्य आहे. सर्व उत्तरे छापून पत्रक तपासणाऱ्या बाईंना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली, दुसऱ्या ‘वाटला’खालची लाल रेघ खोडली आणि पहिल्याखाली नवी ओढली. वाक्य आता असे जात आहे : ‘फिलिप यांना ख्रिस्तामध्ये जो आनंद लाभला, तो त्यांनी रोमभर वाटला.’ बाईंनी ‘रोमभर’ऐवजी ‘रोमच्या रस्त्यांवर’ सुचवले होते, पण दोन पानांत तेवढी जागा उरलेली नाही.