एनबोम: न तपासलेल्या रसायनाची जोखीम कोणाच्या माथी?

शाल्मली

एलएसडी आणि (काही अळंब्यांत आढळणारे) सिलोसायबिन या सायकेडेलिक, म्हणजे मनावर गहिरा परिणाम करणाऱ्या, द्रव्यांविषयी गेल्या काही वर्षांत बरेच आश्वासक संशोधन प्रसिद्ध झाले आहे. त्याचा हवाला देऊन 'सायकेडेलिक द्रव्ये शरीराला फारशी अपायकारक नसतात' असे विधान आता सर्रास केले जाते. माझा आक्षेप या विधानातील सरसकटपणाला आहे. तो मांडण्यासाठी २५आय-एनबोम हे एकच सायकेडेलिक द्रव्य मी विचारात घेते.

हे द्रव्य २००३ च्या सुमारास राल्फ हाइम या रसायनशास्त्रज्ञाने बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत तयार केले. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाला प्रतिसाद देणाऱ्या ५-एचटी२ए या रिसेप्टरचा (पेशीवरील ग्राहकाचा) अभ्यास हा त्यामागचा हेतू होता. २सी-आय या आधीच्या रेणूला एक छोटी शेपटी जोडताच त्या रिसेप्टरवरील त्याचा प्रभाव कित्येक पटींनी वाढला. प्रयोगशाळेच्या दृष्टीने हे यशच होते. याच कुळातील २५बी-एनबोमला किरणोत्सारी कार्बनची खूण लावून कोपनहेगनच्या संशोधकांनी ते मेंदूच्या पेट स्कॅनसाठी (किरणोत्सारी खुणेच्या आधारे घेतल्या जाणाऱ्या चित्रासाठी) वापरले. त्यात माणसाला दिली जाणारी मात्रा इतकी सूक्ष्म असते की तिचा मनावर काहीही परिणाम होत नाही. २०१० च्या सुमारास मात्र हीच द्रव्ये टीपकागदाच्या चौकोनी तुकड्यांवर चढवून विक्रीला आली आणि पुष्कळदा एलएसडी म्हणून खपवली गेली. तोवर नशेच्या मात्रेत माणसावर त्यांचे काय परिणाम होतात हे पाहणारी एकही रीतसर चाचणी झालेली नव्हती.

एलएसडी १९३८ मध्ये तयार झाले, १९४३ मध्ये ते बनवणारे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांना त्याचा परिणाम उमगला, आणि पुढील दोन दशकांत ते हजारो लोकांना वैद्यकीय देखरेखीखाली देण्यात आले. त्याच्याविषयी आज जे काही ठामपणे सांगता येते, त्यामागे ही एवढी नोंद उभी आहे. एनबोमच्या मागे आहेत ते रुग्णालयांचे आणि शवविच्छेदनाचे अहवाल. त्यांत नाडी आणि रक्तदाब धोकादायक पातळीवर जाणे, रक्तवाहिन्या आकसणे, फिट येणे, शरीराचे तापमान आवाक्याबाहेर चढणे, स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होणे, अशा गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात. मृत्यूही आढळतात. दोन्ही द्रव्ये एकाच रिसेप्टरवर काम करतात, म्हणून एकाचा निर्धोकपणा दुसऱ्याला उसना देता येत नाही. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २५आय, २५बी आणि २५सी या तिन्ही एनबोमना मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांविषयीच्या १९७१ च्या करारातील सर्वांत कडक अनुसूचीत घातले, ते माझ्या मते योग्यच झाले. ज्यांना ते चुकीचे वाटते, त्यांनी कारणे द्यावीत.

अद्वैत

घटनाक्रम आपण अचूक दिला आहे, पण त्यातला कळीचा दुवा गाळला आहे. विक्रेत्यांनी टीपकागदावर एनबोमच का चढवले? टीपकागदाच्या एवढ्याशा तुकड्यावर मावेल इतक्या अल्प मात्रेत परिणाम करणारी द्रव्ये मोजकीच आहेत. त्यांपैकी एलएसडीवर जगभर बंदी होती आणि त्याचा कच्चा माल असलेल्या अर्गट या बुरशीपासून मिळणाऱ्या रसायनांवरही नियंत्रण होते. एनबोम मात्र त्या वेळी बहुतेक देशांच्या कायद्यांत नव्हते, स्वस्तात बनत होते आणि कागदावर सहज मावत होते. ज्याच्या परिणामांची ऐंशी वर्षांची नोंद उपलब्ध आहे ते द्रव्य बाजारातून हुसकून लावायचे, आणि त्याची जागा अनोळखी द्रव्याने घेतली की त्याच्या बळींचा दाखला देऊन बंदी आणखी कडक करायची, यात कार्यकारणभाव उलटा लावला जातो आहे.

बंदीने पुढे काय साधले तेही पाहावे. अमेरिकेने नोव्हेंबर २०१३ मध्ये या तिन्ही द्रव्यांवर तातडीची बंदी घातली. त्यानंतर बाजारात २५आय-एनबीओएच आणि तिच्यासारखी आणखी काही रूपे दिसू लागली, ज्यांच्याविषयी एनबोमपेक्षाही कमी माहिती आहे. प्रत्येक बंदीगणिक आपण लोकांना ज्ञाताकडून अज्ञाताकडे ढकलत आहोत. आपल्याला खरोखर अज्ञानाची भीती वाटत असेल, तर अज्ञान वाढवणाऱ्या धोरणाचे समर्थन आपण कशाच्या आधारावर करता?

निशिगंधा

मी अतिदक्षता विभागात काम करते. या प्रश्नाकडे मी कायद्याच्या बाजूने पाहत नाही, त्यामुळे वरील दोन्ही मतांशी माझे पूर्ण जुळत नाही.

आमच्यापुढे येणारा रुग्ण बहुधा तरुण असतो. सोबतचे मित्र शपथेवर सांगतात की त्याने फक्त एलएसडी घेतले आहे. तो कोणालाही ओळखत नसतो, चौघांना आवरत नसतो, बाहुल्या विस्फारलेल्या असतात, थर्मामीटर चाळीस अंशांच्या वर गेलेला असतो. कॅथेटर घातल्यावर पिशवीत गडद तपकिरी लघवी उतरते, तेव्हा स्नायू तुटून त्यांतील प्रथिने मूत्रपिंडात जाऊ लागल्याचे कळते. लघवीची नेहमीची नशा-तपासणी करावी तर सगळे रकाने निगेटिव्ह येतात, कारण त्या पट्टीला एनबोम ओळखताच येत नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री ही रेणू ओळखणारी प्रयोगशाळेतील तपासणी लागते आणि तिचा अहवाल हाती येईपर्यंत रुग्ण एकतर सावरलेला असतो किंवा गेलेला असतो. या विषावर उतारा नाही. बेंझोडायझेपाइन देऊन शांत करणे, अंग झपाट्याने थंड करणे, शिरेतून भरपूर द्रव देणे आणि गरज पडल्यास श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवणे, एवढेच हाती असते. अशा रुग्णाला औषध न देता नुसते बांधून ठेवले, तर त्या झटापटीत ताप आणि स्नायूंची हानी दोन्ही वाढतात; हे नव्या सहकाऱ्यांना मला वारंवार सांगावे लागते.

शाल्मली यांचे म्हणणे मला पटते ते इथे: एलएसडी समजून घेतलेल्या वस्तूपासून माणूस एलएसडीच्याच परिणामांची अपेक्षा करतो. त्यामुळे अंग तापू लागले, छातीत धडधडू लागले, तरी 'थोड्या वेळात उतरेल' या समजुतीवर मित्र तासन्‌तास थांबतात. अद्वैत यांचे म्हणणे पटते ते असे, की या थांबण्यामागे पोलिसांची भीतीही असते. रुग्णालयात आणण्यापूर्वीचा तो वेळ दोन्ही कारणांनी जातो आणि दोन्हींची किंमत एकच माणूस मोजतो.

कौस्तुभ

चर्चा भावनेच्या अंगाने जाऊ लागली आहे, म्हणून पुराव्याविषयी दोन शब्द. निशिगंधा यांना दिसतात ते रुग्णालयात पोहोचलेले लोक. ज्यांनी हेच द्रव्य घेतले, रात्र काढली आणि सकाळी घरी गेले, त्यांच्यावर कोणी शोधनिबंध लिहीत नाही. एकूण किती जणांनी घेतले हा छेदच आपल्याकडे नसताना, केवळ अंशस्थानी असलेल्या मृत्यूंवरून धोक्याचे प्रमाण ठरवता येत नाही. शिवाय यांतील अनेकांच्या शरीरात मद्य किंवा इतर उत्तेजक द्रव्येही सापडतात. मी एनबोमला निर्धोक म्हणत नाही. परंतु 'पुरेसा अभ्यास नाही' आणि 'अत्यंत घातक आहे' ही दोन्ही विधाने एकाच दमात करता येत नाहीत. आणि प्रौढ माणसाने समजून उमजून पत्करलेली जोखीम राज्यसंस्थेने गुन्हा ठरवावी का, हा प्रश्न तर इथे कोणी विचारलेलाच नाही.

शाल्मली

कौस्तुभ, छेद माहीत नाही हे मान्य. पण तो माहीत नसल्याने धोका जसा फुगवून सांगता येत नाही, तसा तो कमीही लेखता येत नाही. आणि बाजारात या अज्ञानाचा अर्थ नेहमी विक्रेत्याच्या सोयीनेच लावला जातो. शिवाय काही गोष्टींना छेद लागत नाही. द्रव्याचा परिणाम मिलिग्रामच्याही अंशात होत असेल आणि ते कागदावर असमान पसरलेले असेल, तर एकाच कागदाच्या शेजारशेजारच्या दोन तुकड्यांतील मात्रेत मोठा फरक पडू शकतो. नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही. घरगुती वजनकाट्यालाही तो पकडता येत नाही.

समजून उमजून जोखीम पत्करण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच इथे टिकत नाही. समज कशाची? ब्रोमो-ड्रॅगनफ्लाय या द्रव्याचे उदाहरण घ्या. डेव्हिड निकोल्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत ते १९९८ मध्ये रिसेप्टरच्या अभ्यासासाठी तयार झाले. २००९ मध्ये त्याचा एक साठा २सी-बी-फ्लाय या कमी प्रभावी द्रव्याच्या नावाने विकला गेला. घेणाऱ्यांनी त्या दुसऱ्या द्रव्याच्या हिशेबाने मात्रा घेतली आणि त्यात माणसे दगावली. ही माणसे बेसावध नव्हती. त्यांनी वाचन केले होते, मात्रा मोजली होती, पण हातातली वस्तूच वेगळी होती. अशा व्यवहारात संमती कोणत्या गोष्टीला दिली गेली, हे मला कोणी समजावून सांगावे.

याच निकोल्स यांनी २०११ च्या जानेवारीत नेचर या नियतकालिकात एक अस्वस्थ करणारा लेख लिहिला होता. नव्वदच्या दशकात त्यांनी उंदरांवर अभ्यासलेले एमटीए हे द्रव्य इतरांनी त्यांचे निबंध वाचून गोळ्यांच्या रूपात विकले आणि त्यात मृत्यू झाले. आपण प्रसिद्ध केलेल्या ज्ञानाचे हे काय झाले, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. संशोधकाच्या मनाला हा प्रश्न पडतो, मग विक्रेत्याला तो का पडू नये?

राहता राहिले दूरगामी परिणाम. फेनफ्ल्युरामिन हे वजन घटवण्याचे औषध मान्यताप्राप्त होते, डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळत होते, लाखो लोकांनी घेतले होते. तरीही ते हृदयाच्या झडपांना इजा करते हे कळून बाजारातून मागे घेईपर्यंत १९९७ साल उजाडले. तेही कळले ते रुग्णांच्या नोंदी होत्या म्हणून. एनबोम घेतलेल्यांची नोंद कोण ठेवतो आहे?

अद्वैत

नोंद कोणी ठेवत नाही, कारण नोंद ठेवणारी यंत्रणा बंदीखाली उभीच राहत नाही. न्यूझीलंडने २०१३ मध्ये वेगळी वाट धरली होती. विक्रेत्याने आपले द्रव्य कमी धोक्याचे आहे हे चाचण्यांनी सिद्ध करावे आणि मगच परवाना मिळावा, अशी तरतूद त्यांनी कायद्यात केली. जोखीम कोणाच्या माथी, या आपल्या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर दुसऱ्या कोणत्या कायद्याने दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

शाल्मली

त्या कायद्याखाली आजवर एकाही द्रव्याला मान्यता मिळालेली नाही, हेही सांगायला हवे होते.

अद्वैत

सांगतो, कारणासकट. २०१४ मध्ये लोकक्षोभामुळे तेथील संसदेने सगळे तात्पुरते परवाने रद्द केले आणि द्रव्य निर्धोक असल्याचे दाखवण्यासाठी प्राण्यांवरील चाचण्यांचा आधार घेण्यास मनाई केली. प्राण्यांवर तपासल्याशिवाय माणसावर तपासणी सुरू करता येत नाही, म्हणजे परीक्षा ठेवली आणि परीक्षागृहाला कुलूप लावले. तत्त्व चुकले असे त्यावरून ठरत नाही.

संशोधनाचेही तेच. डीओआय हे द्रव्य ५-एचटी२ए रिसेप्टरच्या अभ्यासात कित्येक दशकांपासून जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. अमेरिकी औषध अंमलबजावणी प्रशासनाने २०२२ मध्ये ते पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, अनुसूचीत टाकण्याचा प्रस्ताव मांडला, वैज्ञानिकांच्या विरोधानंतर मागे घेतला आणि २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा मांडला. पहिल्या अनुसूचीतील द्रव्यावर काम करायचे तर वेगळी नोंदणी, वेगळी तिजोरी, वेगळी तपासणी आणि महिनोन्‌महिने वाट पाहणे आले; लहान प्रयोगशाळा तो विषयच सोडून देतात. ज्या ज्ञानाअभावी आपण बंदी मागता, ते ज्ञान मिळवण्याची वाट त्याच बंदीने अरुंद होते.

रेणुका

लोकांनी आणलेली नशेची द्रव्ये तपासून देणाऱ्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम केलेले असल्याने एका गैरसमजाबद्दल लिहिते. एर्लिक नावाच्या अभिकर्मकाचा (तपासणीच्या रसायनाचा) थेंब कागदाच्या कोपऱ्यावर टाकला असता एलएसडी जांभळा रंग देते आणि एनबोम देत नाही, हे खरे आहे. पण जांभळा रंग आला याचा अर्थ त्या कागदावर दुसरे काहीच नाही, असा होत नाही. मात्रा किती, हेही त्यातून कळत नाही. 'कडू लागले तर थुंका' हा सल्लाही असाच अर्धा आहे. एनबोमची चव बहुधा कडवट असते आणि तोंड बधिर होते, परंतु चव लागेपर्यंत द्रव्य तोंडाच्या अस्तरातून शोषले जाऊ लागलेले असते.

आमच्याकडे कागद तपासून घेणाऱ्यांपैकी ज्यांना 'हे एलएसडी नाही' असे सांगितले जाई, त्यांतील अनेकजण तो तिथेच टाकून देत. न्यूझीलंडने २०२१ मध्ये अशी तपासणी कायमची कायदेशीर केली, आणि त्या देशाच्या मूळ प्रयोगापेक्षा मला हे पाऊल अधिक मोलाचे वाटते.

शाल्मली

रेणुका यांच्या तपासणी केंद्रांना माझा विरोध नाही. माझ्या मूळ भूमिकेतही ती बसतात. डीओआयबाबत अद्वैत यांचा मुद्दा मी मान्य करते. ज्या द्रव्याचा प्रयोगशाळेतील उपयोग प्रस्थापित आहे, त्याला किरकोळ विक्रीच्या मालाचेच नियम लावणे चूक आहे, आणि संशोधकांसाठी अनुसूचीत स्वतंत्र, सुटसुटीत तरतूद हवी. एनबोमच्या खुल्या विक्रीबाबत मात्र मी मागे हटत नाही. न्यूझीलंडचे परीक्षागृह उद्या उघडले, तरी आधी परीक्षा आणि मग विक्री हाच क्रम राहील. आणि परीक्षा होईपर्यंतच्या काळात विक्री बंद ठेवण्याला अद्वैत यांच्या मांडणीतही 'बंदी' याखेरीज दुसरे काही म्हणता येईल असे मला वाटत नाही.

निशिगंधा

हा वाद चालू राहो. तोवर वाचणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. एखाद्याला असे काही घेतल्यानंतर फिट आली, अंग भाजू लागले किंवा तो भानावर येईना, तर वाट पाहू नये. रुग्णवाहिका बोलवावी, अंगावरचे जाड कपडे काढावेत, त्याला कुशीवर ठेवावे, आणि उरलेला कागदाचा तुकडा असेल तर तो सोबत आणावा. काय घेतले असे आम्ही विचारतो तेव्हा 'एलएसडी' असे न सांगता 'एलएसडी म्हणून दिलेले काहीतरी' असे सांगावे. त्या उत्तराने आमचे पहिल्या दहा मिनिटांतले निर्णय बदलतात.