डी-३ ची ६०,०००ची पुडी आठवड्याऐवजी रोज घेतली गेली, आता काय?

कोकमसार:
सासूबाईंना (वय ६८) व्हिटॅमिन डी-३ ची ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली होती, आठवड्याला एक, आठ आठवडे. त्यांनी ती रोज दुधातून घेतली. दहा पुड्या संपल्यावर लक्षात आलं. सोबत कॅल्शियम ५०० दोनदा आणि बीपीची गोळी चालू आहे. बद्धकोष्ठ आहे, पण ते आधीपासूनच. थांबवलं की आपोआप उतरेल ना?

औषधांचं_कपाट:
पुड्या आणि कॅल्शियम दोन्ही आजच बंद, आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन. मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर त्यातही डी असतं, तेही बाजूला ठेवा.

मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० ते ८०० युनिट. म्हणजे एका पुडीत साधारण अडीच-तीन महिन्यांचा शिधा, आणि पोटात गेले सहा लाख. एवढ्याने प्रत्येकाला विषबाधा होते असं नाही. पण डी चरबीत साठतं, बी-सीसारखं लघवीवाटे निघून जात नाही. त्यामुळे ते ‘आपोआप’ उतरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.

खरा त्रास डी नाही, त्यामुळे रक्तात वाढणारं कॅल्शियम देतं. तोंडाला कोरड, खूप तहान, सारखी लघवी, मळमळ, भूक मरणं, बद्धकोष्ठ. जुनं बद्धकोष्ठ अलीकडे वाढलंय का, ते मुद्दाम विचारा. उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा नाडी अनियमित लागली तर फोनची वाट न बघता थेट इस्पितळ. तिथे सलाइन लावून कॅल्शियम उतरवतात.

बीपीची गोळी कोणती? नावाला ‘एच’ किंवा ‘सीटी’ असं शेपूट असेल तर बहुधा त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे. ही औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवून धरतात. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना नाव वाचून दाखवा. डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) चालू असेल तर तेही सांगा, कॅल्शियम वाढलेलं असताना त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

परीक्षानळी:
लोक आधी डी ची महागडी तपासणी करतात. ती करा, पण निर्णय कॅल्शियमवर होतो. कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) एकत्र करा. अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा खोटा कमी दिसतो, म्हणून ४ च्या खाली दर १ ग्रॅमला कॅल्शियममध्ये ०.८ मिळवतात. कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ ठीक. डी १५० नॅनोग्रॅमच्या वर गेलं की विषबाधेची हद्द धरतात.

पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून सुटलो असं समजू नका. पुड्या थांबल्यावरही कॅल्शियम चढू शकतं. आठवड्याने पुन्हा तपासा.

केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर लॅबला सांगा. काही मशीनवर तिच्यामुळे डी चा आकडा खोटाच जास्त येतो. दोन-तीन दिवस आधी थांबवलेली बरी, पण कॅल्शियमची तपासणी त्यासाठी लांबवू नका.

कोकमसार:
गोळीच्या नावात ‘एच’ आहे! फोन लावतेय. पाणी भरपूर द्यायचं का? आणि ऊन बंद?

औषधांचं_कपाट:
हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल तर पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त, नाहीतर डॉक्टर सांगतील तितकंच. उन्हाने विषबाधा होत नाही, जादा झालेलं त्वचा स्वतःच मोडून टाकते. तरी कॅल्शियम कळेपर्यंत मुद्दाम उन्हात बसवू नका. मुतखडा, टीबी किंवा सारकॉइडोसिस (फुप्फुसात वगैरे गाठी होणारा आजार) झालेला असेल तर तेही फोनवर सांगा. शेवटच्या दोन्हींत कमी मात्रेवरही कॅल्शियम चढतं.

परीक्षानळी:
पुढे कधी पुन्हा सुरू झालंच, तर दुकानातून महिन्याच्या चारच पुड्या घ्या आणि प्रत्येकीवर मार्करने तारीख टाका. ‘दर रविवारी’ एवढं सांगून भागत नाही, डब्यात दहा दिसल्या की रोज एक घेतली जाते.

घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या थेंबांची बाटलीही बघा. काहींत १ मिलीत ४०० युनिट असतात, काहींत ८००. रोजचे ४०० द्यायचे तर दुसरीतून अर्धाच मिली. आणि ड्रॉपर त्याच बाटलीचा, दुसरीचा नको.