प्रतिसाद: दूरबीण पणजीत, वर्णपट अतिनील

पणजीच्या गच्चीवरून ग्रहीय तेजोमेघाचा (मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या चमकत्या वायूचा) अतिनील वर्णपट घेता येईल का, असं वर विचारलंय. नाही. 3000 अँगस्ट्रॉमखालच्या (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक; पुढचे रेषांचे आकडेही त्यातच) तरंगलांबीचं जवळजवळ सगळं वातावरणातला ओझोन गिळतो. किनाऱ्यावरची दमट हवा हा त्यापुढे किरकोळ त्रास. आययूई या अतिनील निरीक्षण करणाऱ्या उपग्रहाचे (1978–1996) वर्णपट मात्र फुकट उतरवता येतात.

ते वापरताना आधी धुळीची दुरुस्ती करा: वाटेतली आंतरतारकीय धूळ अतिनील प्रकाश जास्त खाते. आयनित हेलियमच्या 1640 आणि 4686 या रेषांचं मूळ गुणोत्तर सुमारे 6.6 असतं. निरीक्षणात 3 आलं, तर ई(बी-व्ही), म्हणजे धुळीमुळे आलेल्या लालसरपणाचं माप, साधारण 0.2 धरा. खरी गोची इथेच आहे: आययूईची मोठी खाच (प्रकाश आत घेणारी फट) 10×20 कोनीय सेकंदांची, तुमची 4686 ही दृश्य प्रकाशातली रेषा जमिनीवरून दुसऱ्याच खाचेतून मोजलेली. मेघ खाचेपेक्षा मोठा असेल तर दोन्हीकडे वेगवेगळा भाग येतो आणि गुणोत्तर फसवं निघतं.

मेघातल्या वायूच्या घनतेसाठी कार्बनची 1907/1909 ही रेषांची जोडी उत्तम, पण कमी विभेदनात (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता, इथे सुमारे 6 अँगस्ट्रॉम) ती एकच रेषा दिसते. उच्च विभेदनाचीच फाइल घ्या. कार्बनच्याच 1548–1550 रेषांवर सावध राहा, तिथे मेघाच्या मध्यावरच्या ताऱ्यातून वाहणाऱ्या वायूची (वाऱ्याची) रेषाही मिसळते. ठळक रेषा संपृक्त झालेली (शोधकाच्या मर्यादेपलीकडे गेलेली) असेल, तर कमी वेळाचं एक्सपोजर शोधा.