जिन्याचा दुसरा कठडा

ब-३०२ (सकाळी ७.१०)
सर्वांना नमस्कार. काल रात्री वीज गेलेली असताना आमचे बाबा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पुन्हा पडले. हाड मोडलेले नाही, मनगट मुरगळले आहे. दिवाळीनंतरची ही तिसरी वेळ आहे आणि प्रत्येक वेळी ‘वय झाले आहे, जपायला सांगा’ एवढेच ऐकायला मिळाले, म्हणून आज इथे लिहीत आहे.

सचिव (७.२५)
ताई, काकांना लवकर आराम पडो. जिन्यातल्या दिव्यांच्या इन्व्हर्टरची बॅटरी बदलण्यासाठी दरपत्रके मागवली आहेत, हे मी याच ग्रुपवर दोनदा कळवले होते. तोपर्यंत रात्री काकांना एकटे खाली पाठवू नये, ही नम्र विनंती.

ब-१०३ (७.२८)
जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवावा, ही मागणी मी फेब्रुवारीच्या सभेत लेखी दिली होती. तिचे काय झाले, ते कळावे.

अ-४०४ (७.४१)
यात जिन्याचा काय दोष? काकांची साखर उतरून चक्कर आली असणार. मधुमेहींनी खिशात ग्लुकोज ठेवायलाच हवे.

ब-२०४ (७.४४)
किंवा बारशाची बासुंदी जड झाली असेल. 😀

ब-३०२ (७.५२)
दादा, माझे वडील जिन्यात पडून होते, त्यामुळे हा विनोद मला सोसवला नाही. अ-४०४ मधील काकांना सांगते, की साखर लगेच तपासली होती आणि ती १४२ होती. चक्करही आली नव्हती. पायरी पायाला लागलीच नाही, असे बाबा म्हणतात. गेले काही महिने चालता चालता त्यांची चप्पल मागे राहते आणि खाली पाहिल्याशिवाय ते त्यांना कळत नाही.

ब-२०४ (७.५५)
चुकलो, ताई. क्षमस्व.

क-२०१, फिजिओथेरपिस्ट (८.२०)
ताई, चप्पल निसटलेली न कळणे ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची खूण आहे. तोल सांभाळण्यासाठी शरीर डोळ्यांकडून, आतल्या कानाकडून आणि तळपाय-घोट्यांकडून माहिती घेत असते. मधुमेहात पायांच्या लांब नसा सर्वांत आधी बिघडतात, तळव्याकडून येणारा निरोप पुसट होतो आणि माणूस नकळत डोळ्यांच्या भरवशावर चालू लागतो. दिवसा ते निभावते, पण दिवे गेले की तोही आधार सुटतो. १० ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) पायाच्या अंगठ्याला लावून ही संवेदना काही मिनिटांत तपासता येते, आणि प्रत्येक मधुमेहीची ही तपासणी निदान वर्षातून एकदा व्हायला हवी. काका बरीच वर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असतील, तर रक्तातले बी-१२ जीवनसत्त्व पाहावे का, हेही डॉक्टरांना विचारा, कारण त्याच्या कमतरतेनेही पाय बधिर होतात.

अ-४०४ (८.३१)
मान्य आहे. पण ते रोज चार किलोमीटर चालतात, मग सावरता का आले नाही?

क-२०१ (८.४८)
काका, सपाट रस्त्यावर चालण्याने दम वाढतो, परंतु चुकलेले पाऊल सावरताना मांडी आणि पोटरीला क्षणात जो जोर लावावा लागतो, तो त्यातून पुरेसा येत नाही. मधुमेहात ही ताकद वयाच्या मानाने लवकर घटते, आणि जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच उचलतात, म्हणजे ते झिजले की साखर आवरणेही अवघड होते. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर स्नायूंच्या झिजेच्या आशियाई निकषांनुसार शारीरिक कार्यक्षमता कमी धरतात. म्हणूनच आठवड्याला १५० मिनिटांच्या चालण्याखेरीज दोन-तीन दिवस ताकदीचे आणि ज्येष्ठांनी तितकेच दिवस तोलाचे व्यायाम करावेत, असे सांगितले जाते.

ब-१०३ (८.५०)
भिंतीच्या बाजूच्या कठड्याबद्दल अद्याप उत्तर मिळालेले नाही.

अ-२०३, नाना (९.०५)
एवढे तंतू आणि फोर्क कशाला? बागेतल्या गारगोट्यांच्या वाटेवर अनवाणी चालावे, नसा जाग्या होतात. ती वाट मी वर्गणी काढून करवून घेतली आहे, पण तिच्यावर कुणी पाऊल ठेवत नाही.

क-२०१ (९.१२)
नाना, आपल्या कष्टांबद्दल आदर ठेवूनच लिहिते, की बधिर पायांच्या माणसाने तिथे अनवाणी चालू नये. खडा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि प्रसंगी बोट गमवावे लागते. यात माझा आग्रह राहील.

अ-२०३, नाना (९.२०)
ठीक आहे. पण हे वाट करतानाच कुणी सांगितले असते, तर बरे झाले असते.

क-१०२, वहिनी (९.३४)
मलाही नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या वर्षी जमिनीवरून उठताना पाटाला धरावे लागत असे आणि मी ते लाजेने कुणाला सांगितले नव्हते. क-२०१ ताईंनी ओट्याला धरून टाचा उचलणे आणि एकामागे एक पाऊल ठेवून उभे राहणे शिकवले. चार महिन्यांनी हात न टेकता उठू लागले. काकांनाही सांगा, ताई, यात कमीपणा काही नाही.

सचिव (९.५०)
कठड्याचा खर्च दुरुस्ती निधीतून करता येईल. अध्यक्षांशी आत्ताच बोललो. फॅब्रिकेटर उद्या ११ वाजता मापे घेईल. सभागृह मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ७ ते ८ मोकळे आहे, तिथे व्यायाम घेता येतील.

ब-१०३ (९.५२)
आभार. कठडा तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सलग आणि मुठीत मावेल असा गोल नळीचा असावा, वळणावर तुटू नये.

ब-३०२ (१०.०५)
बाबा विचारत आहेत, की खुर्ची घरून आणायची का?

क-२०१ (१०.०७)
हो, चाकांची नको. भिंतीला टेकवून ठेवता येईल अशी आणा, आणि काकांना मागे पट्टा असलेले बूट घालून या म्हणावे. डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी झाली नसेल, तर त्यांनी तोपर्यंत वजने उचलू नयेत, कारण मधुमेहाने तो पडदा बिघडलेला असेल तर जोर लावताना तिथे रक्तस्राव होऊ शकतो.